पाठीतल्या पाण्याची भीती आणि मेंदूचा टीबी



या पानाकडे जे प्रश्न येतात त्यांत एक प्रश्न वारंवार असतो. विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा घाबरलेला असतो. "डॉक्टर म्हणतात, पाठीतलं पाणी काढून तपासायचं. काढू द्यावं का? लोक सांगतात, पाणी काढलं की माणूस लुळा पडतो."

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. काढू द्यावे, आणि लवकर काढू द्यावे. कारण त्या थोड्याशा पाण्यात कोणता जंतू लपला आहे हे आता दोन तासांत कळू शकते. ज्या आजारात एकेका दिवसाने माणूस हातचा जातो, त्या आजारात ही सोय फार मोलाची आहे. पण तिच्याही मर्यादा आहेत. या अंकात दोन्ही बाजू समजून घेऊ.

एक घर डोळ्यासमोर आणू या

पाथर्डी तालुक्यातले एखादे घर धरा. आई-वडील ऊसतोडीला गेलेले. सहा वर्षांची मुलगी आजी-आजोबांकडे. आजोबांना दोन महिन्यांपासून खोकला, पण "तंबाखूचा खोकला आहे" म्हणून कोणी मनावर घेतलेले नाही. मुलीला बारीक ताप येऊ लागतो. ती खेळायला जात नाही, जेवत नाही, चिडचिड करते. गावातल्या डॉक्टरांकडून औषध आणले की दोन दिवस बरे वाटते, पुन्हा ताप. दुसऱ्या आठवड्यात डोके दुखते म्हणून रडते आणि सकाळी उठल्या उठल्या उलटी करते. मग एक दिवस तिचा एक डोळा तिरळा दिसू लागतो आणि रात्री झटका येतो.

अशा वेळी शेजारची कोणी म्हातारी म्हणते, "बाहेरचं काहीतरी असंल, दाखवून तर बघा." देवऋषीकडे दोन दिवस जातात. अंगारा, लिंबू, धुरी होते. तिसऱ्या दिवशी मुलगी हाक मारली तरी डोळे उघडत नाही. तेव्हा जीप करून नगर गाठले जाते. तिथे डॉक्टर म्हणतात, "आजी, पाठीतलं पाणी काढावं लागेल, सही करा." आजी म्हणते, "पोराचा बाप आल्याबिगर सही नाही करायची." बाप कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडावर.

हे घर आम्ही कल्पनेने उभे केले आहे. पण आपल्या वाचकांपैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल. यात कोणाच्या प्रेमात कमतरता नाही. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे मुलीसाठी धावपळच केली. उणीव होती ती माहितीची, आणि वेळ गेला तो तिच्यामुळे.

मेंदूचा टीबी म्हणजे काय?

टीबी म्हटले की आपल्याला छाती, खोकला आणि बेडका आठवतो. पण टीबीचा जंतू रक्तातून शरीरात कुठेही जाऊ शकतो. गाठीत, हाडात, मणक्यात, आणि मेंदूभोवतीच्या आवरणातही. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ पाणी खेळत असते. जंतू तिथे शिरला की पडद्यांना सूज येते, पाण्याच्या वाटा तुंबतात, मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या आकसतात. यालाच टीबीचा मेंदूज्वर म्हणतात. टीबीच्या शंभर रुग्णांत असे एक-दोनच असतात, पण टीबीच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत घातक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगातील टीबीच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्के, म्हणजे जवळपास २८ लाख, भारतातले होते. त्यामुळे शंभरात एक-दोन हा आकडा लहान वाटला तरी आपल्या देशात तो हजारो घरांपर्यंत पोचतो. त्यात लहान मुले, कुपोषित माणसे, एचआयव्ही बाधित आणि दाटीवाटीच्या वस्तीत राहणारी माणसे अधिक सापडतात.

डॉक्टर या आजाराच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, फक्त ताप, डोकेदुखी, उलटी. दुसऱ्या पायरीवर गुंगी येते, किंवा डोळा तिरळा होणे, हात-पाय कमजोर होणे अशी लक्षणे दिसतात. तिसऱ्या पायरीवर रुग्ण बेशुद्ध असतो. पहिल्या पायरीवर औषध सुरू झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात आणि बरेचसे पूर्ववत होतात. तिसऱ्या पायरीवर सुरू झाले तर निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात, आणि जे वाचतात त्यांतल्या अनेकांना फिट, आंधळेपणा, लुळेपणा किंवा मतिमंदत्व आयुष्यभर सोसावे लागते. औषधे तिन्ही पायऱ्यांवर साधारण तीच असतात. निकाल बदलतो तो ती कधी सुरू झाली यावरून.

पाठीतले पाणी: भीती आणि खरी गोष्ट

"पाणी काढले आणि माणूस लुळा पडला" हे आपण ऐकलेले असते, आणि ते सांगणारा खोटे बोलत नसतो. पण त्याने जे पाहिले त्याचा क्रम नीट लावला पाहिजे. पाणी काढले जाते ते आधीच गंभीर असलेल्या रुग्णाचे. नंतर तो लुळा पडला किंवा दगावला तर दोष सुईला जातो. खरा दोष आत वाढलेल्या आजाराचा असतो.

आता शरीररचना पाहू. मेंदूपासून निघालेली मज्जारज्जूची दोरी मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. सुई टोचतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे दोरी नसतेच. पाण्यात तरंगणारे नसांचे सुटे धागे असतात आणि सुई आली की ते बाजूला सरकतात. लहान बाळात दोरी थोडी खालपर्यंत असते, म्हणून त्यांना आणखी खालची फट निवडतात. ही पद्धत जर्मनीतील डॉक्टर हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केली. म्हणजे तिला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली.

"पाणी काढले तर आतले पाणी संपेल" ही दुसरी भीती. मोठ्या माणसाच्या शरीरात हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असते आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते. तपासणीसाठी १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे पाणी काढले, तर साधारण अर्ध्या तासात शरीर ते भरून काढते. मुलांकडून वयाप्रमाणे कमी घेतात.

त्रास अजिबात होत नाही असे नाही. टोचताना दुखते, नंतर एक-दोन दिवस डोके दुखू शकते. काही रुग्णांत मात्र पाणी लगेच काढणे धोक्याचे असते: मेंदूत मोठी गाठ किंवा दाब फार असेल, रक्त गोठत नसेल, टोचण्याच्या जागी जखम पिकली असेल तर. म्हणून डॉक्टर आधी रुग्णाला तपासतात, गरज वाटल्यास सीटी स्कॅन करतात. "स्कॅनची गरज आहे का?" हे आपण निःसंकोच विचारावे. तो आपला हक्क आहे. पण डॉक्टरांनी सुरक्षित आहे असे सांगितल्यावर नातेवाइकांची वाट पाहत दोन दिवस घालवू नयेत. फोनवर बापाची संमती मिळते, आई-आजीची सहीही चालते. एवढेच आधी माहीत असले पाहिजे.

जुन्या तपासण्या कुठे अडतात?

पाणी काढले की प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी मोजतात, साखर आणि प्रथिने पाहतात. टीबीत साखर कमी, प्रथिने जास्त आणि लिम्फोसाइट जातीच्या पेशी वाढलेल्या असे चित्र दिसते. हा अंदाज मोलाचा असतो, पण तो पुरावा नव्हे. दुसऱ्या काही आजारांतही असेच चित्र दिसू शकते.

पुरावा म्हणजे जंतू सापडणे. रॉबर्ट कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू जगासमोर मांडला, तेव्हापासून तो सूक्ष्मदर्शकाखाली शोधला जातो. अडचण अशी की एक मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असतील तरच ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याची शक्यता असते. बेडक्यात ते असतात. पाठीच्या पाण्यात फारच थोडे असतात. म्हणून मेंदूच्या टीबीच्या शंभर रुग्णांत नेहमीच्या तपासणीत दहा-वीस जणांतच जंतू दिसतो.

दुसरा मार्ग कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याचा. तो अधिक पक्का. पण टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. निकाल यायला दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर आमच्या गोष्टीतल्या मुलीचे काय होईल हे सांगायला नको.

नवी तपासणी कशी चालते?

करोनाच्या काळात आपण सर्वांनी आरटीपीसीआर हा शब्द ऐकला. नाकात काडी घालून नमुना घेत आणि विषाणू आहे की नाही ते सांगत. त्याच कुळातली ही तपासणी आहे. हिला रेणवीय किंवा मॉलिक्युलर तपासणी म्हणतात. आपल्या सरकारी दवाखान्यांत ती सीबीनॅट आणि ट्रूनॅट या नावांनी ओळखली जाते.

तत्त्व सोपे आहे. प्रत्येक जिवात डीएनए नावाचा धागा असतो आणि त्यावर त्या जिवाची खूण लिहिलेली असते. टीबीच्या जंतूच्या धाग्यावर असा मजकूर आहे जो माणसाच्या किंवा दुसऱ्या जंतूच्या धाग्यावर नसतो. यंत्र नमुन्यात नेमका तेवढाच मजकूर शोधते आणि त्याच्या प्रती काढते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असे तीस वेळा झाले की एका प्रतीच्या शंभर कोटींहून जास्त प्रती होतात. मग यंत्राला त्या सहज दिसतात. प्रती काढण्याची ही युक्ती अमेरिकेतील कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

सीबीनॅटमध्ये नमुना एका बंद डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये घालतात. पुढचे सगळे काम यंत्र करते आणि सुमारे दोन तासांत उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या यंत्रणेला मान्यता दिली आणि २०१३ मध्ये मेंदूच्या टीबीचा संशय असेल तर पाठीच्या पाण्याची पहिली तपासणी म्हणून तिची शिफारस केली. २०१७ मध्ये तिच्या अधिक संवेदनशील 'अल्ट्रा' कार्ट्रिजची शिफारस झाली. जुने कार्ट्रिज जंतूच्या धाग्यावर एकदाच येणारा मजकूर शोधत असे. अल्ट्रा त्याशिवाय धाग्यावर पुन्हा पुन्हा येणारे तुकडेही शोधते. म्हणून जुन्याला एका मिलिलिटरमध्ये शंभराहून थोडे अधिक जंतू लागत, तिथे अल्ट्राला पंधरा-सोळा पुरतात.

ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातील वेर्णा येथील मोलबायो कंपनीचे. हे यंत्र लहान असते आणि बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज जाणाऱ्या गावातल्या केंद्रातही ते ठेवता येते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. बेडक्याच्या तपासणीसाठी ते आज गावोगाव पोचले आहे. पाठीच्या पाण्यासाठी मात्र जगभरातला अनुभव मुख्यतः सीबीनॅटचा आहे. म्हणून पाणी काढल्यावर ते सीबीनॅटला पाठवले का, हे विचारणे योग्य.

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर कामही झाले आहे. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेतील संशोधकांनी मेंदूच्या टीबीच्या रुग्णांच्या पाठीच्या पाण्यावर पीसीआर आणि इतर तपासण्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. हा प्रश्न केवळ परदेशी पुस्तकातला नाही, आपल्या मातीतलाही आहे.

या तपासणीचा आणखी एक फायदा आहे. जंतू टीबीचा आहे हे सांगतानाच तो रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतो की नाही, हेही यंत्र सांगते. मुंबई-पुण्याकडे कामाला जाणारी आपली माणसे अनेक. मोठ्या शहरांतल्या दाट वस्त्यांत औषधाला न जुमानणारा टीबी आढळतो. मेंदूच्या आजारात "दोन महिने औषध देऊन बघू, नाही लागू पडले तर बदलू" असे म्हणायला सवड नसते. म्हणून हे उत्तर पहिल्याच दिवशी मिळणे महत्त्वाचे.

निगेटिव्ह म्हणजे 'नाही' असे नव्हे

आता मर्यादा. हा भाग सर्वांनी दोनदा वाचावा.

जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की ज्यांच्या पाण्यात कल्चरने टीबी सिद्ध झाला अशा दहा रुग्णांत जुने सीबीनॅट साधारण सात जणांना पकडते आणि अल्ट्रा सुमारे नऊ जणांना. कल्चरमध्येही न सापडणारे रुग्ण धरले तर हे प्रमाण आणखी खाली येते. म्हणजे यंत्राने 'आहे' म्हटले तर त्यावर सहसा विश्वास ठेवता येतो. यंत्राने 'नाही' म्हटले तर मात्र आजार नाहीच असे म्हणता येत नाही. कारण जंतू मेंदूच्या तळाशी चिकट थरात दडलेले असतात, आणि काढलेल्या पाण्यात त्या दिवशी एकही आला नसेल असे होऊ शकते.

म्हणून लक्षणे, स्कॅन आणि पाण्यातल्या पेशी टीबीकडे बोट दाखवत असतील तर डॉक्टर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही औषध सुरू करतात. तेव्हा "रिपोर्टमध्ये तर काही नाही, मग गोळ्या कशाला?" म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका. त्याने जीव जाऊ शकतो. उलट अल्ट्राच्या रिपोर्टवर 'ट्रेस' असा शब्द आला, म्हणजे अगदी थोडा अंश सापडला, तरी पाठीच्या पाण्याच्या बाबतीत तो टीबीच मानून उपचार करतात.

पाणी किती काढले यावरही बरेच अवलंबून आहे. दोन-चार थेंबांत जंतू सापडण्याची शक्यता कमी. मोठ्या माणसाचे सहा ते दहा मिलिलिटर पाणी मिळाले तर शक्यता वाढते. म्हणून "एवढे पाणी का काढता?" असे भांडण करू नये. जास्त पाणी काढतात ते आपल्याच माणसाच्या भल्यासाठी.

आणखी एक. ही तपासणी मेलेल्या जंतूचा धागाही ओळखते. त्यामुळे उपचार लागू पडतो की नाही हे पाहायला ती पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही.

दुसरे मेंदूज्वर

प्रत्येक मेंदूज्वर टीबीचा नसतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब यांसारख्या जंतूंचा मेंदूज्वर तासातासाने वाढतो. सकाळी ताप, संध्याकाळी मान ताठ आणि रात्री बेशुद्धी. अशा वेळी डॉक्टर तपासणीची वाट न पाहता प्रतिजैविकाचे इंजेक्शन लगेच देतात, आणि ते बरोबर आहे. पण एकदा इंजेक्शन दिले की कल्चरमध्ये जंतू वाढत नाही. इथेही मॉलिक्युलर तपासणी उपयोगी पडते, कारण मेलेल्या जंतूचा धागा पाण्यात काही काळ शिल्लक असतो. मोठ्या प्रयोगशाळांत एकाच नमुन्यात अनेक जंतू एकदम शोधणारे संच मिळतात. ते महाग असतात आणि प्रत्येकाला लागतातच असे नाही. कर्ज काढून ते करण्याआधी "यामुळे उपचार बदलणार आहे का?" एवढे विचारा.

नसांवर हल्ला करणारा आणखी एक जंतू आपल्याकडे जुना आहे, तो कुष्ठरोगाचा. तो मेंदूत न जाता हातापायांच्या नसांत बसतो. त्याच्या निदानाला बहुधा यंत्र लागत नाही. अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा, आणि त्यावर कापसाचा बोळा फिरवला तरी न कळणे, एवढे पुरेसे असते. यंत्राइतकीच डोळसपणाची गरज असते, ती अशी.

आपल्या जिल्ह्यातला धडा

अहिल्यानगर, म्हणजे आपल्या तोंडी बसलेले नगर. १४ तालुके आणि १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रफळ असलेला हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातली वाडी किंवा जामखेडच्या टोकाचे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब पडते. यंत्र नगरला असले आणि रुग्ण वाडीत पडून राहिला, तर दोन तासांच्या तपासणीला दोन आठवडे लागतात.

याच जिल्ह्याने यावर उपायही दाखवून दिला आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांत शाळेची पायरी न चढलेल्या आणि दलित समाजातल्या पुष्कळ होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्याच हातून गावाने औषध घेतले. बाळंतपण, लसीकरण, टीबी आणि कुष्ठरोगाची ओळख हे सगळे त्या शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोठ्या यंत्राच्या दारापर्यंत रुग्णाला वेळेत पोचवणारे माणूस वस्तीतच असावे लागते, हे जामखेडने जगाला शिकवले. आज ते काम आपल्या आशाताई करतात. त्यांना साथ देणे आपले काम.

टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. रुग्ण खासगी दवाखान्यात असला तरी नमुना जिल्हा क्षयरोग केंद्रामार्फत तपासता येतो का, हे तिथे विचारा. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा १००० रुपये जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

मेंदूच्या टीबीचा उपचार साधारण वर्षभर चालतो. सुरुवातीचे काही आठवडे सूज कमी करणारे स्टिरॉइडही देतात. व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टिरॉइड न मिळालेल्यांत ४१ टक्के रुग्ण दगावले, मिळालेल्यांत ३२ टक्के. म्हणून ते औषध आपल्या मनाने बंद करू नये. गोळ्यांनी लघवी लालसर-केशरी होते, त्याला घाबरू नये. डोळे पिवळे झाले किंवा नजर कमी झाली तर मात्र लगेच दाखवावे.

आणि आजोबांचा खोकला? मुलीला जंतू बहुधा तिथूनच मिळाला. घरात एकाला टीबी निघाला की बाकी सर्वांची तपासणी व्हावी, आणि आजार नसलेल्या लहान मुलांना प्रतिबंधक गोळ्या मिळाव्यात. जन्मल्यावर दिली जाणारी बीसीजी लस मुलांना मेंदूच्या टीबीपासून बरेच संरक्षण देते, ती चुकवू नये. हिब आणि न्यूमोकोकसच्या लसीही सरकारी लसीकरणात मोफत आहेत.

देवऋषीबद्दल एकच सांगतो. झटका येणे, बरळणे, डोळे फिरणे ही मेंदूला सूज आल्याची लक्षणे आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधी आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांशी प्रेमाने बोलावे. आजीला दोष देऊन ती ऐकणार नाही. "आजी, आधी दवाखाना, बाकीचं मग बघू," एवढे म्हटले तरी वेळ वाचतो.

लक्षात ठेवा

• एका आठवड्याहून जास्त ताप, सोबत डोकेदुखी आणि उलट्या: वाट पाहू नका, मोठ्या दवाखान्यात दाखवा.

• गुंगी, झटका, तिरळेपणा, ताठ मान, बाळाची फुगलेली टाळू: त्याच दिवशी, रात्र असली तरी.

• घरात कोणाला खोकला किंवा टीबी असेल तर डॉक्टरांना न विचारता स्वतःहून सांगा.

• पाठीतले पाणी काढू द्या, आणि "सीबीनॅटला पाठवले का?" असे विचारा.

• रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका, रुग्णाला घरी नेऊ नका.

• ऊसतोडीला जाताना घरी मोठ्या माणसाकडे फोन नंबर, आधार कार्डाची प्रत आणि "गरज पडली तर सही कर" एवढा शब्द ठेवून जा.

रविवारी विहारात जमल्यावर हे पान ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. विशेषतः आजी-आजोबांना. कारण तालुक्याबाहेर कामाला गेलेल्या आई-बापांच्या मागे, सहीसाठी पुढे केलेल्या कागदासमोर बहुधा त्याच उभ्या असतात.